सर्वश्रेष्ठ रॉक बँड कोणता? एका जुन्या वादाची ऐतिहासिक तपासणी

१.
लेझीमचा सराव आटोपून पार्क चौकातील चहाच्या टपरीवर मुले जमली, की क्रिकेट आणि राजकारणानंतर अलीकडे तिसरा एक विषय निघतो. जगातील सर्वश्रेष्ठ रॉक बँड कोणता? एक जण बीटल्सचे नाव घेतो, दुसरा क्वीनचे, तिसरा लेड झेपेलिनचे. कोणी पिंक फ्लॉइडसाठी हट्ट धरतो. चहा निवतो, पण निकाल लागत नाही. मध्यंतरी अशाच एका वादात मला पंच नेमण्यात आले. उत्तर तेथे उभ्या उभ्या देता आले नाही, म्हणून हा थ्रेड. विषय परदेशातला वाटेल. परंतु या खटल्यातील काही महत्त्वाच्या साक्षी मुंबई, पाचगणी आणि पुणे येथे नोंदवल्या गेल्या आहेत, आणि एक धागा आपल्या सोलापुरापर्यंतही येऊन पोचतो.

२.
प्रथम प्रश्नच नीट पाहू. ‘श्रेष्ठ’ आणि ‘प्रभावी’ हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण ते दोन वेगळे प्रश्न आहेत. श्रेष्ठत्व ही रसिकाची बाब आहे. बालगंधर्व थोर की मास्टर दीनानाथ, हा वाद आपल्या पणजोबांनी घातला आणि तो कोणीही जिंकला नाही. कारण तो जिंकण्यासाठी नव्हताच, आपल्या आवडीचे समर्थन करण्यासाठी होता. प्रभाव ही मात्र घडलेली घटना असते. तिला तारीख असते, ठिकाण असते, साक्षीदार असतात. म्हणजेच तिचा इतिहास लिहिता येतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न रसिकांकडे सोपवावा आणि दुसरा आपल्याकडे घ्यावा. या थ्रेडमध्ये तेच करू.

३.
प्रभाव सिद्ध करण्यासाठी तीन कसोट्या लावू. पहिली, संपर्क: ज्याच्यावर प्रभाव पडला असे आपण म्हणतो, त्याने ती गोष्ट खरोखर ऐकली होती का, आणि ते कशावरून? दुसरी, बदल: ऐकण्याआधीचे आणि नंतरचे संगीत यांत दाखवता येईल असा फरक पडला का? तिसरी, श्रेय: जी गोष्ट अमुक बँडने आणली असे म्हटले जाते, ती त्याने कोणाकडून घेतली होती, आणि देणाऱ्याचे नाव कोठे छापले गेले का? ही तिसरी कसोटी चाहत्यांना सर्वांत अप्रिय असते. इतिहासाला मात्र तिच्यावाचून पुढे जाता येत नाही.

४.
तिसऱ्या कसोटीपासूनच सुरुवात करू, कारण रॉक संगीताचा जन्मच उसनवारीतून झाला आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ब्लूज, चर्चमधील गॉस्पेल आणि गोऱ्या ग्रामीण भागातील कंट्री, या प्रवाहांच्या संगमातून १९५०च्या दशकात रॉक अँड रोल उभे राहिले. सिस्टर रोझेटा थार्प ही गायिका विजेची गिटार घेऊन भक्तिगीते गात होती, तेव्हा एल्विस प्रेस्ली शाळकरी मुलगा होता. चक बेरीने गिटारची जी वळणे रूढ केली, ती पुढे इंग्लंडमधील पोरांनी तबकड्या घासून घासून पाठ केली. त्याच पोरांचे पुढे बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स झाले. त्यामुळे कोणत्याही ‘महान’ बँडची वंशावळ काढली, की चार पायऱ्यांवर एखादे विस्मृतीत गेलेले नाव सापडते.

५.
आता पहिली साक्ष, मुंबईची. जानेवारी १९६५ मध्ये ‘द किंक्स’ हा इंग्रज बँड ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघाला असता वाटेत मुंबईत थांबला. भल्या पहाटे बँडचा गीतकार रे डेव्हीस याच्या कानावर समुद्रकाठाने कामावर निघालेल्या मच्छीमारांचे सामूहिक गाणे पडले. ही आठवण त्याने स्वतःच पुढे सांगितली आहे. जुलै १९६५ मध्ये किंक्सचे ‘सी माय फ्रेंड्स’ हे गाणे आले. त्यात सतार नाही, तंबोरा नाही. परंतु गिटारचा एकच स्वर तंबोऱ्यासारखा अखंड घुमत राहतो आणि गाणे त्याच्यावर तरंगत राहते. पाश्चात्त्य पॉप संगीतात भारतीय वळण आणणाऱ्या अगदी सुरुवातीच्या गाण्यांत त्याची गणना होते. संपर्क आहे, बदल आहे. श्रेय? त्या मच्छीमारांची नावे कोणी विचारली नाहीत. त्यांनाही हे कधी कळले नसणार.

६.
येथे एक सामान्य गैरसमज दूर करू. ‘रॉकमध्ये भारतीय संगीत बीटल्सने आणले’ असे सर्रास लिहिले जाते. कालक्रम वेगळे सांगतो. यार्डबर्ड्स या बँडने १९६५ मध्ये ‘हार्ट फुल ऑफ सोल’ या गाण्यासाठी सतारवादक बोलावला होता. तो प्रयोग मनासारखा जमला नाही, तेव्हा जेफ बेकने तीच चाल गिटारवर सतारीच्या ढंगाने वाजवली. त्यानंतर किंक्स आले. बीटल्सच्या ‘नॉर्वेजियन वूड’मधील जॉर्ज हॅरिसनची सतार डिसेंबर १९६५ मध्ये लोकांसमोर आली. म्हणजे बीटल्स पहिले नव्हेत. परंतु पहिला असणे आणि प्रभावी असणे यांतही फरक आहे. किंक्सचे गाणे जाणकारांनी ऐकले. बीटल्सची सतार सगळ्या जगाने ऐकली, आणि वर्षभरात ती अनेक स्टुडिओंत शिरली.

७.
दुसरी साक्ष लंडनची, पण तिचा आवाज आपल्या ओळखीचा आहे. लंडनमध्ये १९४६ पासून ‘एशियन म्युझिक सर्कल’ नावाची संस्था होती. ती कर्नाटकातून तेथे गेलेले अयाना अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांनी चालवली. अंगडी हे आडनाव सोलापूरकरांना परके वाटू नये; कानडीत त्याचा अर्थ दुकान. एप्रिल १९६६ मध्ये हॅरिसनला आपल्या एका नव्या गाण्यासाठी तबलजी हवा होता. अंगडींनी अनिल भागवत या वादकाला फोन करून त्या संध्याकाळी मोकळे आहात का, एवढेच विचारले. काम कोणासाठी आहे, हे भागवतांना ठाऊक नव्हते. न्यायला दारात रोल्स-रॉइस गाडी उभी राहिली, तेव्हा कोठे त्यांना अंदाज आला, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

८.
ते गाणे म्हणजे ‘लव्ह यू टू’. हॅरिसनने भागवतांना रविशंकरांच्या धाटणीत, सोळा मात्रांत काही वाजवायला सांगितले आणि बाकी त्यांच्या उपजेवर सोडले. सोळा मात्रा म्हणजे आपला नेहमीचा तीनतालाचा हिशोब. ज्यांनी तबल्याचे दोन-चार कायदे शिकले असतील, त्यांनी हे गाणे ऐकून पाहावे. ठेक्याची ओळख चटकन पटेल. ऑगस्ट १९६६ मध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ हा अल्बम आला आणि त्याच्या वेष्टनावर ‘तबला: अनिल भागवत’ ही नोंद छापली गेली. बीटल्सच्या तबकडीवर बाहेरच्या वादकाचे नाव येणे ही त्या काळात दुर्मिळ गोष्ट होती. त्या एका छापील ओळीमुळे आज आपण भागवतांबद्दल बोलू शकतो. ती ओळ नसती, तर तबला ऐकू आला असता आणि माणूस नाहीसा झाला असता.

९.
हे मी कल्पनेने म्हणत नाही. पुढच्याच वर्षी नेमके तसे झाले. १९६७ मधील ‘सार्जंट पेपर्स’ हा बीटल्सचा अल्बम अनेकांच्या मते रॉकच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा. त्यातील ‘विदिन यू विदाउट यू’ या गाण्यात भारतीय वाद्यांचा मोठा मेळ आहे. वादक त्याच लंडनच्या संस्थेतून आले होते. वेष्टनावर मात्र त्यांच्यापैकी कोणाचेही नाव नव्हते. दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी, ही नावे सर्वांसमोर यायला सुमारे अर्धे शतक जावे लागले. एवढ्या काळात त्या गाण्यावर लक्षावधी शब्द लिहिले गेले. ‘भारतीय वादक’ एवढ्या दोन शब्दांत चौघांची बोळवण होत राहिली.

१०.
तिसरी साक्ष पुन्हा मुंबईची. १९६६ च्या सप्टेंबरात हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आला होता. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला, या वेळी एका चित्रपटाच्या संगीतासाठी. एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने येथील वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केले. त्यांत संतूरवादक शिवकुमार शर्मा हेही होते. हाती वेळ उरला, म्हणून त्याने आणखी एक चाल ध्वनिमुद्रित केली. तिला पुढे लंडनमध्ये शब्द आणि आवाज जोडले गेले आणि ‘द इनर लाइट’ हे गाणे तयार झाले. मार्च १९६८ मध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या तबकडीच्या मागील बाजूस आले. या गाण्यात बीटल्सपैकी कोणीही वाद्य वाजवलेले नाही. सगळा वाद्यमेळ मुंबईचा आहे. ‘जगातील सर्वश्रेष्ठ बँड’ म्हणताना आपण नेमके कोणाला मोजतो, हा प्रश्न येथे टोकदार होतो.

११.
आता लेड झेपेलिनच्या चाहत्यांकडे वळू. १९७२ मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. कुलाब्यातील ‘स्लिप डिस्क’ नावाच्या क्लबात त्यांनी अचानक वाजवले, ही आठवण मुंबईचे जुने रॉकप्रेमी आजही सांगतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी येथील वादकांच्या ताफ्यासह ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे प्रकाशित झाली २०१५ मध्ये, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी. तबकडीवर वादकांचा उल्लेख ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ असा आहे. भारतीय वादकाला कोमल स्वर आणि मींड यांचे शिक्षण असते, पण रॉकच्या तालाचा धक्का निराळा. ती ओढाताण या ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येते, आणि तीच त्याची खरी गोडी आहे.

१२.
झेपेलिनच्या बाबतीत तिसरी कसोटी फार कठोर ठरते. त्यांचे १९६९ मधील ‘होल लॉटा लव्ह’ हे गाणे घ्या. त्यातील शब्दांचा मोठा भाग शिकागोचे ब्लूज गीतकार विली डिक्सन यांच्या रचनेतून आला होता, आणि तबकडीवर त्यांचे नाव नव्हते. डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा दाखल केला. प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले आणि पुढे गीतकारांत त्यांचे नाव समाविष्ट झाले. म्हणून झेपेलिन लहान ठरतात का? माझ्या मते नाही. त्यांनी त्या शब्दांभोवती उभा केलेला आवाज त्यांचाच होता आणि पुढच्या हेवी मेटलचा पाया त्याच आवाजात आहे. पण ‘सगळे त्यांनीच निर्माण केले’ हे विधान टिकत नाही. आदर आणि अचूकता या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

१३.
आता ज्या साक्षीची बहुतेक वाचक वाट पाहत असतील, ती सातारा जिल्ह्यातील पाचगणीची. फारूख बुलसारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे, एका पारशी कुटुंबात झाला. बुलसारा हे आडनाव गुजरातमधील बुलसार, म्हणजे आजचे वलसाड, यावरून आलेले. वयाच्या आठव्या वर्षी आईवडिलांनी त्याला समुद्रापार पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडले. तेथे तो पियानो शिकला, शाळेच्या गायकवृंदात गायला आणि मित्रांनी त्याचे ‘फ्रेडी’ असे नाव पाडले. १९५८ मध्ये पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला: ब्रूस मरे, डेरिक ब्रांच, फरंग इराणी, व्हिक्टरी राणा आणि फ्रेडी. सह्याद्रीच्या पठारावर, शाळेच्या सभागृहात एल्विस, क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांची गाणी घुमू लागली.

१४.
गंमत अशी, की या बँडचा गायक फ्रेडी नव्हता. गात असे ब्रूस मरे. फ्रेडी मागे पियानोवर बसे. जगातील सर्वांत प्रभावी रंगमंचीय गायकांपैकी एक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो आपल्या पहिल्या बँडमध्ये साथीदार होता. बाकीच्यांचे पुढे काय झाले? डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये अभिनेता झाला, व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात मोठ्या पदावर पोचला, फरंग इराणी यांनी पुण्यात उपाहारगृह चालवले. फ्रेडी १९६३ च्या सुमारास झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती झाली आणि कुटुंबाला इंग्लंड गाठावे लागले. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासह क्वीन उभा राहिला आणि बुलसाराचा ‘मर्क्युरी’ झाला.

१५.
मग ‘क्वीन पाचगणीत जन्मला’ असे म्हणावे का? समाजमाध्यमांवर तसे म्हटले जाते. कसोटी लावू. संपर्क निर्विवाद आहे: आठ वर्षे म्हणजे एखाद्या मुलाचे जवळजवळ सारे बालपण. बदल? पियानोचे शिक्षण, वृंदगायनाची सवय आणि मंचावर उभे राहण्याचा पहिला अनुभव त्याला येथे मिळाला, हे ठामपणे सांगता येते. १९७५ मधील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त एकावर एक चढवलेले आवाज ऐकताना शाळेचा गायकवृंद आठवावा, इतपत अनुमान मोकळेपणाने करावे; पण अनुमान आहे हे सांगून. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली मैदानावर ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात क्वीनने वीसेक मिनिटांत जे केले, त्याचे श्रेय पाचगणीला देणे हा अतिरेक होईल. पाचगणीने एक मुलगा घडवला, बँड लंडनमध्ये घडला. एवढे म्हटले तरी ते पुरेसे मोठे आहे.

१६.
आतापर्यंत बाहेरून येणारे आणि येथून काही घेऊन जाणारे पाहिले. येथे रॉक कोणी वाजवले? १९७० आणि १९७१ मध्ये एका सिगारेट कंपनीने आपल्या ‘सिमला’ या नाममुद्रेच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ नावाची अखिल भारतीय बँड स्पर्धा घेतली आणि निवडक बँडच्या तबकड्याही काढल्या. धूम्रपानाच्या जाहिरातीतून का होईना, भारतीय रॉकचा मौल्यवान पुरावा शिल्लक राहिला. त्या काळच्या अडचणी आज समजणे कठीण आहे. परदेशी गिटार आणि अँप्लिफायर यांवर जबर आयात कर. नवी तबकडी मिळाली तर ती कोणी नातलग परदेशातून आणली म्हणून. बहुतेक बँड परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल करत, आणि जो नक्कल अचूक करी तो थोर मानला जाई.

१७.
याच पिढीतील एक मराठी नाव प्रत्येकाने लक्षात ठेवावे: नंदू भेंडे. मराठी रंगभूमीवरील आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. घरात मराठी नाटक, कानात इंग्रजी रॉक. ‘व्हेल्व्हेट फॉग’ या मुंबईच्या बँडमध्ये तो गात असे. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक ऑपेरा मुंबईत रंगमंचावर आणले, तेव्हा ज्यूडासची अवघड भूमिका नंदूने गायली. पुढे हिंदी चित्रपटांतही त्याचा आवाज ऐकू आला. एप्रिल २०१४ मध्ये त्याचे निधन झाले. त्याच्याबद्दल लिहिताना ‘भारताचा अमुक’ अशी परदेशी उपमा देण्याची रीत आहे. ती टाळावी. कारण त्याने जे केले, ते करण्याची संधी कोणा इंग्रज गायकाला नव्हती.

१८.
१९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणला. बर्टोल्ट ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या १९२८ मधील बर्लिनच्या संगीतनाटकाचे हे मराठी रूप पु. ल. देशपांडे यांनी केले. दिग्दर्शक होते डॉ. जब्बार पटेल: जन्म पंढरपूरचा, शालेय शिक्षण सोलापुरात. संगीतात भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे असे तिघे होते. परिणामी एकाच नाटकात लावणीचा ठसका, नाट्यसंगीताची तान आणि रॉकचा ठोका शेजारी शेजारी बसले. नाट्यपदांवर वाढलेल्या प्रेक्षकाला मराठी शब्द रॉकच्या लयीत ऐकावे लागले, आणि त्यातील अनेकांना ते आवडले. मराठी भाषा आणि रॉक यांची ही भेट कोणा बँडमुळे घडली नाही. ती नाटकामुळे घडली, आणि ती घडवणाऱ्यांत आपल्या शहरात शिकलेला एक मुलगा होता.

१९.
येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. १९६७ मध्ये ‘द डोअर्स’ या अमेरिकी बँडने आपल्या पहिल्याच अल्बममध्ये ‘अलाबामा साँग’ हे गाणे घेतले. तेही ब्रेख्त आणि वाइल यांचेच. म्हणजे बर्लिनच्या एकाच जोडीपासून एक वाट लॉस एंजेलिसच्या रॉककडे गेली, दुसरी पुण्याच्या रंगमंचाकडे आली. यातील कोणतीही वाट दुसरीची नक्कल नाही. दोन्ही एकाच उगमातून निघाल्या. प्रभावाचा नकाशा काढताना आपण नेहमी लंडन किंवा न्यूयॉर्क मध्यभागी ठेवून बाण काढतो. हा नकाशा तसा काढता येत नाही.

२०.
१९८०चे दशक मुंबईच्या रंगभवनाचे. सेंट झेवियर्स महाविद्यालयाजवळच्या या खुल्या रंगमंचावर २६ मार्च १९८० रोजी ‘द पोलीस’ या इंग्रज बँडचा कार्यक्रम झाला. तो टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या सेवाभावी संस्थेने आयोजित केला होता. १९८६ पासून फरहाद वाडिया यांनी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू केला, आणि महाविद्यालयीन बँडना हक्काचे व्यासपीठ मिळाले. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवन संगीताला मुकले. बँडचा इतिहास हा जागांचाही इतिहास असतो. सरावाची खोली, वीज, वाद्ये आणि तिकीट काढणारा श्रोता यांच्यावाचून कितीही प्रतिभा असली तरी बँड उभा राहत नाही.

२१.
याच वातावरणात १९८४ मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ उभा राहिला. गिटारवर महेश तिनईकर; गायक म्हणून उदय बेनेगल नावारूपास आला. १९८८ मध्ये त्यांचा ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आला. आज हे सामान्य वाटेल. तेव्हा ते धाडस होते. श्रोता ओळखीची परदेशी गाणी मागत असे, आणि अनोळखी गाणे सुरू झाले की आरडाओरडा करी. अशा श्रोत्यांपुढे आपली रचना गाणे, हाच या बँडचा खरा पराक्रम. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले आणि सूर-तालातही भारतीयत्वाचा शोध घेतला. एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले, तोवर येथील श्रोत्यांची एक पूर्ण पिढी तयार झालेली होती.

२२.
आता निकाल. जागतिक पातळीवर ‘सर्वांत प्रभावी’ हा मान माझ्या मते बीटल्सचा. कारण त्यांची गाणी सर्वांत चांगली, हे नव्हे. तो निर्णय तुमचा. कारण असे, की बँडने स्वतःची गाणी स्वतः लिहावीत आणि स्टुडिओ हेही वाद्यच मानावे, ही अपेक्षा त्यांच्यामुळे जगभर रुजली. अन्य संगीतपरंपरांचे दार त्यांनी पहिल्यांदा उघडले नाही, पण ते इतके सताड उघडले की पुन्हा बंद झाले नाही. त्याच कसोटीने भारतातील, निदान मुंबईतील, मान मी रॉक मशीनला देईन: नकलेकडून निर्मितीकडे जाण्याची हिंमत त्यांनी पुढच्यांना दिली. आणि मराठीपुरता विचार केला, तर उत्तर बँड नव्हे, एक नाटक आहे. क्वीनचे चाहते रागावतील. त्यांनी पुरावा आणावा, मी मत बदलीन.

२३.
पण टपरीवरच्या मित्रांना निकालापेक्षा दुसरेच काही सांगावेसे वाटते. अनिल भागवत आपल्याला माहीत आहेत, कारण एका वेष्टनावर एक ओळ छापली गेली. अण्णा जोशी पन्नास वर्षे अज्ञात राहिले, कारण ती ओळ छापली गेली नाही. दोघांच्या कलेत नव्हे, नोंदीत फरक होता. मिरवणुकीत आपल्या लेझीमला उचलून धरणारा हलगीवाला कोण, त्याचा गुरू कोण, ती चाल त्याला कोठून मिळाली, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? उद्या कोणी ती हलगी एखाद्या गाण्यात घेतली आणि ते जगभर गाजले, तर तबकडीवर ‘भारतीय वादक’ एवढेच छापले जाईल. आणि तेव्हा तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला नसेल.

२४.
म्हणून एक विनंती. घरातील जुन्या कॅसेटची वेष्टने, महाविद्यालयीन संमेलनांच्या कार्यक्रमपत्रिका, ऑर्केस्ट्राची हस्तपत्रके फेकून देऊ नका. त्यांची छायाचित्रे काढा. मागच्या बाजूचीही, कारण वादकांची नावे बहुधा तेथेच असतात. आपल्या मंडळात यंदा कोण वाजवतो आहे, याची तारखेसह एक वही ठेवा. सर्वश्रेष्ठ बँड कोणता हा वाद पुढची पन्नास वर्षे चालेल, आणि तो चालावा. त्यात मजा आहे. मात्र त्या वादात उद्या आपल्या बाजूने साक्ष द्यायची असेल, तर कागद आजच जपायला हवा. तुमच्याकडे असे काही सापडले, तर खाली अवश्य कळवावे. आणि हो, क्वीनवाल्यांच्या पुराव्यांची मी वाट पाहतो आहे.